निवडक रुग्ण

डॉक्टर जर्नलं वाचतात, असं लोकांना वाटतं. वाटू द्या बापडे. नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या माझ्या दवाखान्यात टेबलामागच्या फळीवर जर्नलांची एवढी मोठी थप्पी आहे की पेशंटच्या नातेवाइकांची नजर आधी तिच्याकडे जाते आणि मग माझ्याकडे. त्यातली निम्मी तर प्लास्टिकच्या वेष्टनातून कधी बाहेरच आलेली नाहीत. संघटनेचे सभासद झालात की ती टपालानं येत राहतात, कंपाउंडर आणून वर ठेवतो, त्यावर धूळ बसते. अमरावती रोडवर दिवसभर ट्रक, धुळीला काय तोटा? दिवाळीच्या सफाईत मी ती पुसते आणि परत तिथंच ठेवते.

खरं वाचन चालतं मोबाइलवर. सर्जन लोकांचे ग्रुप असतात. सकाळी सकाळी कोणीतरी त्यावर एक लेख टाकतो. लेख म्हणजे अख्खा लेख नव्हे हो, लेखाच्या माथ्यावर छापलेला दहा-बारा ओळींचा सारांश. तेवढा फुकट असतो. बाकीचा लेख कुलपात, पैसे भरा तर उघडेल. मग काय, सारांश वाचायचा, त्यातही शेवटचं वाक्य वाचायचं, खाली अंगठा टाकायचा आणि थिएटरमध्ये शिरायचं. दुपारी तेच वाक्य एखाद्या पेशंटच्या पोराला ऐकवायचं, की आता परदेशात असंच करतात बरं. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात.

त्या शेवटच्या वाक्यात दोन शब्द हटकून सापडतात. 'निवडक रुग्णांमध्ये'. अमुक ऑपरेशन निवडक रुग्णांमध्ये फायद्याचं ठरतं. आम्हा सर्जनांना हे दोन शब्द फार प्रिय, कारण आपल्या समोर बसलेला पेशंट निवडक नाही असं आजपर्यंत कोणत्या सर्जनला वाटलं आहे?

ह्या दोन शब्दांवर थांबायला मला सरांनी शिकवलं. सर म्हणजे मी सर्जरी शिकले त्या सरकारी कॉलेजातले आमच्या युनिटचे प्रमुख. घराणं भोसल्यांच्या काळापासून नागपुरात, पिढ्यान् पिढ्या कारकुनी आणि मास्तरकी केलेलं, आणि सरांच्या बोलण्यात ती जुनी कडक इस्त्री होती. मी मौद्याकडच्या एका खेड्यातली. बाप शेती करायचा. इंग्रजी मला कळायचं, पण मोठ्यानं वाचायची वेळ आली की जीभ अडखळायची. सरांना ते पहिल्याच आठवड्यात कळलं आणि त्यांनी दर वेळी मलाच वाचायला उभं करायचं ठरवलं. तेव्हा मी त्यांना मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या असतील, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

गुरुवारी ओपीडी आटोपली की आमचा जर्नल क्लब असायचा. एकानं लेख वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा, आणि त्यावर चर्चा करायची. इतर युनिटांत जर्नल क्लब म्हणजे औषध कंपनीचे समोसे, आणि त्या कंपनीच्या माणसानं पिवळ्या शाईनं रंगवून आणलेली एक ओळ. सरांनी समोसेही बंद केले आणि तो माणूसही. त्याऐवजी काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, घरून डबा पाठवायच्या. कधी चिवडा, कधी शंकरपाळे. लेख संपेपर्यंत डब्याला हात लावायचा नाही, असा नियम होता.

लेखाच्या झेरॉक्स सर स्वतः काढून आणायचे, आणि काढताना सारांशावर कोरा कागद ठेवायचे. आमच्या हातात यायचा तो बिनमुंडक्याचा लेख. निष्कर्षाचं पान तर ते देतच नसत. वाचायला सुरुवात तक्त्यांपासून. मग कोणाला अभ्यासात घेतलं, कोणाला सोडलं, ती बारीक अक्षरांतली मजकुराची पट्टी. ती वाचायचा कंटाळा यायचा, डोळे मिटायचे, पण सर तिथंच आम्हाला तासभर बसवून ठेवायचे. निष्कर्ष काय असेल तो आम्ही सांगायचा, आणि मग सर खिशातून ते शेवटचं पान काढायचे. बहुतेक वेळा आमचा निष्कर्ष लेखकाच्या निष्कर्षापेक्षा केविलवाणा निघायचा. सरांना तेच हवं असायचं.

एकदा मी वाचत होते, आणि 'निवडक रुग्ण' आले तसं त्यांनी थांबवलं. कोणी निवडले, म्हणाले. मी म्हटलं, लेखकानं. सगळे फिदीफिदी हसले. माझ्या बाजूला बसलेला माझा बॅचमेट सगळ्यांत जास्त हसला, कारण तो गडी आदल्या दिवशी लायब्ररीत जाऊन सारांश वाचून यायचा आणि निष्कर्ष त्याला तोंडपाठ असायचा. सर हसले नाहीत.

"ज्यांना सोडलं ते कुठं गेले, ते शोध," ते म्हणाले. "ह्या कागदावर ते नाहीत. आणि उद्या तुझ्या ओपीडीत नेमके तेच येणार आहेत."

आले ना. आयुष्यभर तेच येत राहिले. वयानं थकलेले, साखर वाढलेली, हृदय कमजोर, मूत्रपिंड अर्धं गेलेलं, घरी करणारं कोणी नाही असे. कोणत्याच लेखात न बसणारे. वाडीच्या गोडाउनमधला हमाल काय अन् ट्रकचा ड्रायव्हर काय, त्यांना कोण निवडतो?

काकूंबद्दल सांगायला हवं. त्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होत्या. जिभेला धार होती, पण ती सरांसाठी राखून ठेवलेली. मी होस्टेलवर राहायची, मेसचं अन्न खाऊन वाळत चाललेली. रविवारी त्या मला जेवायला बोलवायच्या आणि ताटात तिसरी पोळी न विचारता टाकायच्या. एकदा म्हणाल्या, तुझ्या सरांना लग्नाची पत्रिकासुद्धा मागून वाचायची सवय आहे, आधी छापखान्याचं नाव पाहतात. सर पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, छापखाना खोटं बोलत नाही. मूलबाळ नव्हतं त्यांना. दोघंच होते, आणि दोघांचं सतत काही ना काही वाजायचं, पण एक जण घरात नसला की दुसऱ्याला करमायचं नाही.

सर निवृत्त झाले, त्यांनी हुडकेश्वरला घर बांधलं. आम्ही पांगलो. मी वाडीला दवाखाना टाकला. बॅचमेट दक्षिणेत जाऊन यकृताच्या सर्जरीचं शिकून आला आणि शहरातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात मोठा माणूस झाला. त्याचा हात सोन्याचा आहे, हे मी कबूलच करते. जुन्या विद्यार्थ्यांचा ग्रुप झाला. सर त्यात होते, पण कधी काही लिहीत नसत.

काही वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. अंगाला खाज सुटली आहे गं, तुझ्या सरांना सांगितलं तर म्हणतात घामोळं आहे, पावडर लाव. आता बोला. ज्या माणसानं आम्हाला पोटाच्या आजाराचा प निघाला की आधी डोळे पाहायला शिकवलं, तो घरात बायकोच्या डोळ्यांत पाहत नव्हता. मी गेले. काकूंना अंगणात उजेडात आणलं, पापणी खाली ओढली. डोळे हळदीसारखे पिवळे.

सोनोग्राफी झाली, मग सीटी झालं. पित्ताशयाचा कॅन्सर होता, आणि तो पित्ताच्या नळीपर्यंत पसरला होता, म्हणून कावीळ. काकूंनी सत्तरी ओलांडलेली. मधुमेह जुना. हृदयाची एक नळी पूर्वीच फुगवून घेतलेली आणि हृदयाचं पंपिंग कमी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास.

दोन रस्ते होते. पहिला साधा. तोंडातून दुर्बीण घालून पित्ताच्या नळीत एक छोटी नळी बसवायची, कावीळ उतरते, खाज थांबते, माणूस घरी जातो, खातो-पितो, झेपलं तर थोडी औषधं घेतो. काही महिने मिळतात. घरातले महिने. दुसरा रस्ता म्हणजे मोठं ऑपरेशन. अर्ध्याहून जास्त यकृत आणि सोबत पित्ताची नळी काढायची. शरीरानं साथ दिली तर कदाचित काही वर्षं. नाही दिली तर माणूस हॉस्पिटलातून घरी येत नाही. काकूंचं उरलेलं आयुष्य कसं जाणार, एवढाच प्रश्न होता. आणि तो प्रश्न मोठा होता.

एका रविवारी सरांच्या घरी आम्ही चार-पाच जुने विद्यार्थी जमलो. कूलर घरघरत होता. काकू आतल्या खोलीत पडून होत्या, दार लोटलेलं. बॅचमेटनं मोबाइल काढला आणि एक लेख दाखवला. परदेशातला, नावाजलेल्या जर्नलमधला. बाकीच्यांनीही तोच पाहिलेला, कारण तो ग्रुपवर येऊन गेला होता. मोठ्या ऑपरेशननं निवडक रुग्णांमध्ये आयुष्य वाढतं. बॅचमेट म्हणाला की तो करायला तयार आहे, त्याचं युनिट तयार आहे, सरांनी फक्त हो म्हणावं.

मी विचारलं, आत काय लिहिलं आहे?

"आत म्हणजे?" तो म्हणाला. "यार, एवढं मोठं जर्नल आहे. टेन्शन नको घेऊ."

मी सरांकडे पाहिलं. मला वाटलं, आता उठतील. आता सगळ्यांना भिंतीला टेकवतील. सर खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, ऑपरेशन करू. एवढंच म्हणाले. काकूंच्या खोलीचं दार कोणी उघडलं नाही.

त्या आठवड्यात मी एका प्राध्यापक मैत्रिणीला सांगून तो अख्खा लेख मागवला. दवाखाना बंद करून दुपारी वाचत बसले, तक्त्यांपासून, सवयीनं. बारीक अक्षरांच्या पट्टीत सगळं होतं. कमजोर हृदयाचे लोक सोडले होते. कावीळ पुरती न उतरलेले सोडले होते. फार वयाचे सोडले होते. जे बाकी उरले ते धडधाकट, हिंडते-फिरते. काकू एका बाजूनं नाही, तिन्ही बाजूंनी बाहेर होत्या. मी ते छापून घेतलं आणि हुडकेश्वरला गेले.

सर व्हरांड्यात बसले होते. मी कागद समोर ठेवले. त्यांनी हातही लावला नाही.

"वाचला आहे मी," ते म्हणाले. "पूर्ण. तू आणायच्या आधीच."

"मग काकू त्यात कुठं बसतात, सर?"

सर मग म्हणाले, "निवड सर्जननं करायची असते. लेखकानं नाही."

राग आला की माझी शिकून घेतलेली मराठी गळून पडते आणि आईची भाषा तोंडात येते. "मंग आमाले काहून शिकवलं तसं?" मी म्हटलं. "कोरा कागद ठेवून ठेवून काहून वाचाले लावलं आमाले?"

"ते पेशंटबद्दल शिकवलं होतं," सर म्हणाले. "ही माझी पेशंट नाही."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं ओठांवर आलं होतं, पण समोर बसलेल्या माणसाची मान खाली होती आणि बनियनमधून छातीची हाडं दिसत होती. मी एवढंच म्हटलं की सर, काकूंना विचारा एकदा. त्यांचं काय म्हणणं आहे ते विचारा. विचारतो, म्हणाले.

मी आत गेले. काकू उशीला टेकून बसल्या होत्या, हातांवर गुलाबी लोशन थापलेलं, नखांनी ओरबाडून ओरबाडून कातडी सोललेली. दार लाव, म्हणाल्या. मग म्हणाल्या, बाहेर जे बोलत होतीस ते मला सांग, काही गाळू नको. मी सांगितलं. दोन्ही रस्ते सांगितले. काही गाळलं नाही. इतक्या वर्षांत कितीतरी लोकांना असं सांगितलं आहे, पण त्या दिवशी जीभ परत पहिल्या वर्षासारखी अडखळली.

त्यांनी सगळं ऐकलं. कचेरीत फाइल ऐकावी तसं ऐकलं. म्हणाल्या, मला घरी राहायचं आहे. ती नळी टाका आणि सोडा. मी म्हटलं, मग तसं सांगा ना सरांना. त्या हसल्या.

"मी आपणहून नाही म्हटलं तर ते काय करतील, सांग," काकू म्हणाल्या. "रोज माझ्याकडे पाहतील अन् म्हणतील, हिनं मला काही करू दिलं नाही. त्यांनी एकदा विचारावं फक्त. विचारलं तर मी नाही म्हणीन."

आणि नाही विचारलं तर? नाही विचारलं तर करून घेईन, म्हणाल्या, आपण केलं एवढं तरी राहील त्यांच्याजवळ. मग त्यांनी मला गळ्याची शपथ घातली की हे मी सरांना सांगायचं नाही. मी खूप भांडले. मला म्हातारपणाचा हा मान-अपमान कळत नाही, मी म्हटलं, तुम्ही दोघं एका घरात राहता, एका ताटात जेवल्यासारखं आयुष्य काढलं, आणि ही एक गोष्ट एकमेकांशी बोलता येत नाही? त्या म्हणाल्या, हीच नाही येत.

ऑपरेशनच्या आधी कावीळ उतरवायला ती नळी बसवलीच. आणि काय सांगू, तो आठवडा काकूंचा इतका छान गेला! खाज थांबली. त्या रात्रभर झोपल्या. आमरस खाल्ला, वर दुसऱ्या वाटीला नको म्हटलं नाही. शेजारणीशी गच्चीवर पापड वाळवण्यावरून भांडल्या. मी भेटायला गेले तेव्हा पंख्याखाली बसून जुन्या साड्यांना घड्या घालत होत्या, आणि मला म्हणाल्या, एवढ्यात मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. सर बाजूलाच होते. त्यांना ते सुधारणेचं लक्षण वाटलं. म्हणाले, आता ऑपरेशन झेपेल हिला. मला तिथल्या तिथं उठून ओरडावंसं वाटलं की अहो, हेच ते आहे, हाच तो पहिला रस्ता, असेच महिने मिळणार होते. शपथेनं माझं तोंड शिवलं होतं. मी सरांना बाजूला घेऊन परत म्हटलं, विचारलंत का? विचारतो, म्हणाले.

ऑपरेशनला मी मदतीला उभी राहिले. माझी इच्छा नव्हती. काकू म्हणाल्या की ओळखीचा कोणी तरी आत असू दे. सर थिएटरचे कपडे घालून सर्जनच्या खोलीत बसून राहिले, आत आले नाहीत. बॅचमेटनं ऑपरेशन सुंदर केलं, खोटं कशाला बोलू. रक्त अगदी थोडं गेलं. शिवण नीट. बाहेर येऊन त्यानं सरांच्या पायांना हात लावला. आम्ही कपडे बदलतो न बदलतो तोच कोणीतरी ग्रुपवर टाकलं, सरांच्या मिसेसचं ऑपरेशन यशस्वी. खाली अंगठे आणि फुलांचे गुच्छ.

सुरुवातीला त्या बोलल्या. पाणी मागितलं. मला म्हणाल्या, तू जेवलीस का? मग झोपाळू झाल्या. उरलेलं यकृत एवढंसं, आधीच काविळीनं पिचलेलं, ते भार घेईना. डोळे परत पिवळे झाले, पहिल्यापेक्षा जास्त. पोटात पाणी भरलं. हृदयानं तर कधीच हात टेकले होते. बोलणं तुटत तुटत बंद झालं, आणि मग तोंडात व्हेंटिलेटरची नळी. सर रोज आयसीयूत यायचे, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहून तपासण्यांचे आकडे वाचायचे, वरपासून खालपर्यंत, आणि परत पहिल्यापासून. तोंडाकडे पाहायचे नाहीत. एका दुपारी काकू गेल्या. घरून नेलेली साडी नेसवायला सिस्टरनं मला बोलावलं. हातांवरच्या ओरबाड्यांना तोवर खपल्या धरल्या होत्या.

दहनघाटावर बॅचमेट लहान पोरासारखा रडला. ते रडणं खोटं नव्हतं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढं जे झालं ते ऐकून लोक त्याला नालायक ठरवतील, आणि तो नालायक नाही. आमच्यातल्या बहुतेकांसारखा आहे.

पुढच्या वर्षी त्यानं आपल्या अशा ऑपरेशनांचा एक लेख तयार केला. बढतीला, नावाला, परिषदांना लेख लागतोच. सरांचा मान म्हणून त्यानं सरांचं नाव लेखकांमध्ये घातलं आणि मसुदा त्यांना पाठवला. सरांनी तो मागून वाचला. काकू त्यात नव्हत्या. कारण लेखात नियम घातला होता, कमजोर हृदयाचे आणि काविळीचे रुग्ण घेतलेले नाहीत. सरांनी त्याला कळवलं की तिला घे, नाहीतर माझं नाव काढ.

त्यानं मला फोन केला. यार, तूच समजव सरांना. काकूंना घेतलं तर आणखी दोघं-तिघं तसलेच घ्यावे लागतील, मग हा पेपर कोणतं जर्नल छापेल? बरं, त्या खरंच बसत नव्हत्या ना नियमात. मी म्हटलं, नियम तू ऑपरेशनच्या आधी केला का नंतर? तो परत जर्नलचंच सांगू लागला. "तुह्याच हातानं झालं ना थे ऑपरेशन?" मी म्हटलं. "मंग घे तिले."

त्यानं सरांचं नाव काढलं. लेख छापून आला. ग्रुपवर सारांश पडला, खाली अभिनंदनांची रीघ लागली. शेवटच्या वाक्यात होतंच, निवडक रुग्णांमध्ये. कुठंतरी, कोणत्या तरी गावात एखादा तरुण सर्जन ते वाक्य वाचत असेल आणि दुपारी कोणाच्या तरी नवऱ्याला ऐकवत असेल. माझ्या डोक्यात तिडीक जाते ते आठवलं की.

छापील अंक सरांना पाहायचा होता, म्हणून मी तो घेऊन गेले. सर खूप वाळले होते. घरात स्वयंपाकाला बाई यायची, बाकी कोणी नाही. त्यांनी चष्मा लावला, अंक उघडला, तक्ते पाहिले, मग बारीक अक्षरांची ती पट्टी बोट ठेवून वाचली, आणि अंक मिटला. त्यांना रागवायचं होतं असं मला वाटलं, पण रागवायला लागणारी ताकद उरली नव्हती.

बाहेर कोणाच्या तरी घराचं बांधकाम चालू होतं, मिक्सरचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं.

"ती तुला काही बोलली होती का? ऑपरेशनच्या आधी?"

शपथ घालणारी बाई राहिली नव्हती, आणि मला आता ते एकटीनं वाहवत नव्हतं. मी सगळं सांगितलं. नळी टाका आणि सोडा, असं म्हणाल्या होत्या. घरी राहायचं होतं त्यांना. तुम्ही एकदा विचारावं, एवढीच वाट पाहत होत्या, आणि विचारलं असतं तर नाही म्हणणार होत्या. सांगताना मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही.

सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल, आणि आपण हे सांगायला नको होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर नवीन काही ऐकल्याची खूण नव्हती.

"मला माहीत होतं," सर म्हणाले. "विचारलं असतं तर ती नाहीच म्हणाली असती. म्हणून मी विचारलं नाही."